पाचवं बोट

रहाटणी,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

प्रिय श्रद्धा,

सप्रेम नमस्कार.

तू बरी असशील, काकाही बरे असतील. चाकणला आमच्यापेक्षा थंडी जास्त, तुझ्या वर्गातली पोरं परिपाठाला कुडकुडत उभी राहत असतील. आमचं ठीक. बुद्धरत्नला सेकंड शिफ्ट आहे आणि कंपनीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा संसार सध्या फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललाय. पेपरांचे दोन गठ्ठे बाजूला सारून आजची दुपार मोकळी केली.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर, हातानं लिहिते आहे. पाकिटावरचं नाव बघून फाडलं नाहीस तर उपकार होतील.

दमले आहे गं. काम नेहमीचंच आहे, पण या आठवड्यात एका मुलीकडे बघून वर्गात उभं राहणं जड गेलं. सायली नाव तिचं, आठवीत आहे. वडील पिकअप चालवतात. बापाच्या गाडीत पिंप चढवायची फळी बघून तिनं उतरणीचं मॉडेल केलं, स्वतः, खिळे ठोकून. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आली आणि तासाभरात तिचं नाव काढून टाकलं. चित्रं चोरली म्हणून.

ती चित्रं तुझी होती.

आता सगळं नीट सांगते. ऑगस्टमध्ये वरून पत्रक आलं, मुलं प्रकल्पांसाठी नेटवरून वाट्टेल ते उचलतात, तर कॉपीराइटवर एक तास घ्या. आमच्या मुख्याध्यापिका सुहासिनी मॅडम म्हणाल्या, “रश्मी मॅडम, तुमचं बोलणं मुलांना पटतं, तुम्हीच घ्या.” घेतला. नेटवर दिसतं म्हणजे ते रस्त्यावर पडलेलं नसतं, असं सांगितलं. वर्गात दाखवून शिकणं वेगळं आणि छापून वाटणं वेगळं, हेही सांगितलं. नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, विचारता येत असेल तर विचारा. आणि ‘सौजन्य : गुगल’ लिहू नका, गुगल काही रंगपेटी घेऊन बसलेलं नाही. पोरं हसली. तास छान झाला, माझा मलाच आवडला.

शेवटी सायलीनं हात वर केला. “मॅडम, मी प्रकल्पात तुमच्या पुस्तिकेतली चित्रं घेऊ का? खाली तुमचं नाव लिहीन.”

बावन्न मुलं बघत होती. मी म्हटलं, “घे की.”

तिनं सांगितलेलं सगळं केलं. तक्त्याच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘चित्रे : रश्मी ओव्हाळ मॅडम यांच्या साधी यंत्रे या पुस्तिकेतून, त्यांना विचारून.’ एवढं खरं लिहिणारं पोर अख्ख्या मांडवात दुसरं नसेल. परीक्षकांतल्या एका बाईंनी तुझा ब्लॉग वाचलेला होता. त्यांनी मोबाइलवर तुझी चित्रं उघडून तक्त्याशेजारी धरली. पिंप चढवणारा तोच माणूस, तोच निळा युनिफॉर्म, तीच डब्याची पिशवी. फरक एका ठिकाणी होता, तो त्यांनी बरोबर हेरला. त्यांना वाटलं, पोरीनं चित्र बदलून वर शिक्षिकेच्या नावावर ढकललं.

मी तिथेच उभी होते. मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “शाळेत गेल्यावर बघून सांगते.” सायलीनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, तक्ता गुंडाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. “माझ्या पोरीनं चोरी केली न्हाई हो मॅडम. तुमचंच नाव लिवलंय तिनं. तुमी एकदा सांगा की त्यांना.” मी त्यांना पाणी दिलं. बघते म्हटलं. श्रद्धा, त्या बाई माझ्या पाया पडल्या गं, आणि मी पडू दिलं.

शुक्रवारी सुहासिनी मॅडमनी बोलावलं. “श्रद्धा तुमची मैत्रीणच ना? मग मागच्या तारखेचं परवानगीपत्र आणा. जून दोन हजार तेवीसचं. पुस्तिका छापायच्या आधीचं दिसलं पाहिजे. पोरगी सुटेल, शाळा सुटेल, तुम्हीही सुटाल.” मजकूरही त्यांनीच टाइप करून दिला, फक्त तुझी सही बाकी. खरं सांगते, हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच. तो कागद समोर आहे. पहिल्या परिच्छेदात तुझी आणि काकांची चौकशी केली, तेव्हा मी सहीसाठी पायऱ्या बांधत होते. लिहिता लिहिता माझीच मला शिसारी आली.

सही मागितली असती तर तू हो म्हणाली असतीस. तेव्हाही म्हणाली असतीस, एका फोनवर. मी आधी तुझी चित्रं वर्गात दाखवायचे तेव्हा अभिमानानं सांगायचे, ही माझ्या डीएडच्या मैत्रिणीनं काढलीत. मग शाळेनं पुस्तिका काढायची ठरवली, विकायची ठरवली, आणि मुखपृष्ठावर नाव कुणाचं हा प्रश्न आला. अकरा वर्षं नोकरी करून माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. तुझं कौतुक तर व्हायचंच. मला तुझा हेवा वाटत होता, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. खाली तुझी सही होती ती पट्टी मी कापली आणि तिथे शाळेचं बोधचिन्ह टाकलं.

आणि ते बोट.

सुहासिनी मॅडमनी प्रूफ बघून विचारलं, “याच्या डाव्या हाताला चारच बोटं कशी? पालक तक्रार करतील.” मला सांगता आलं असतं, की ही चूक नाही. हे ज्योतीराम काका आहेत, श्रद्धाचे वडील. पाचवं बोट प्रेस मशीनवर गेलं, आणि त्यानंतरही त्यांनी एकोणीस वर्षं त्याच खात्यात काम केलं. डीएडची दोन वर्षं मी तुमच्याकडे जेवले, त्या हातानं त्यांनी मला भाकरी वाढली आहे. पण ते सांगितलं असतं तर चित्र कुणाचं तेही सांगावं लागलं असतं. मी कॉम्प्युटरवर शेजारचं बोट उचललं आणि रिकाम्या जागी चिकटवलं. दहा मिनिटांचं काम. कुणाला कळलंही नाही.

पुढचं तुला माहीत आहे. दिवाळीत तू फोन केलास, पुस्तिका तुझ्या हातात पडली होती. “रश्मी, ही माझी चित्रं आहेत का?” एवढंच विचारलंस, आवाजही चढवला नाहीस. आणि मी म्हटलं, “बोटं मोज की. तुझ्या चित्रात चार, यात पाच.”

तू फोन ठेवलास. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले, की श्रद्धा उगीच रुसली.

तो टाइप केलेला कागद मी आत्ता फाडला. उद्या मी लेखी देणार आहे, शाळेला आणि प्रदर्शनाच्या समितीलाही. चित्रं तुझी, मी न विचारता घेतली, नाव कापलं, हात बदलला. सायलीला परवानगी मी दिली, जी द्यायचा मला हक्कच नव्हता, आणि तिनं मात्र सगळं खरं लिहिलं. त्याची प्रत सोबत जोडते. नंतर हेच वर्गात, तिच्यासमोर, त्या बावन्न मुलांना सांगेन. नोकरी बहुतेक जाईल. बुद्धरत्नला चिठ्ठीत नाही, गुरुवारी समोर बसून सांगेन. जिल्ह्याला सायलीचं नाव परत जाईल की नाही, समिती ठरवेल, पण चोर म्हणून ती नववीत जाणार नाही. तुला तक्रार करायची असेल तर जरूर कर, माझी प्रत पुरावा म्हणून वापर.

काकांना सांगायचं का, ते तू ठरव. मला त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

पूर्वी पत्राखाली मी ‘तुझीच’ लिहायचे. तो शब्द आज मी आपणहून घेत नाही. जागा मोकळी ठेवली आहे. तुझी परवानगी असेल, तर तुझ्या हातानं लिही.

. . . . . . . .
रश्मी