आठ माणसांच्या लिफ्टमधली बैठक

ती. मामांना वाकून नमस्कार (कागदावर वाकणं सोपं जातं). मामीचा गुडघा कसा आहे, जिना चढते का, हे पुढे विचारतेच. आधी झालेली हकीकत क्रमाने लिहिते, कारण तुम्ही कुठल्याही कागदाचं पहिलं पानच वाचता, असं आईचं म्हणणं आहे.

१. गेल्या सोमवारी संचालकांच्या बैठकीला निघालेली अकरा माणसं आठ माणसांच्या लिफ्टमध्ये शिरली.
२. लिफ्टने नकार दिला.
३. तो नकार बंद करायला मला सांगण्यात आलं. मीही नकार दिला.
४. देखभालप्रमुखांनी किल्ली फिरवली.
५. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली.
६. तिथेच बैठक झाली. तुम्ही हजर होता. (फोनवर.)
७. आता कंपनीला अध्यक्ष दोन आहेत आणि दोषी एक. दोषी मी.

आता सविस्तर. आपली कंपनी (तुमची संचालक म्हणून, माझी चाचणी विभागातली इंजिनिअर म्हणून) लिफ्ट बनवते, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते. कंपनीचे खरे मालक भागधारक, असं आपण वार्षिक अहवालात छापतो. ते हजारो भागधारक म्हणजे आपलं कुटुंब, असंही छापतो. त्यांच्यातला कोणी सभेत प्रश्न विचारायला उठला की माइक बंद पडतो, हे छापत नाही. प्रत्यक्षात शेअरचा एक मोठा गठ्ठा थोरल्या भावाकडे, जवळपास तेवढाच धाकट्याकडे, आणि तराजूचा काटा एका गुंतवणूक फंडाच्या, म्हणजे मंडळावरच्या फंडवाल्या बाईंच्या, बोटाशी. कंपनी उभी करणारे त्यांचे वडील गेल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी वकिलांमार्फत बोलतात. (कॅन्टीनचा पंखा किती वेगाने फिरावा, यावरही एक कायदेशीर नोटीस निघाली होती. पंखा तेव्हापासून बंद आहे.)

सोमवारी अध्यक्ष कोण, यावर मतदान होतं. बैठक सगळ्यात वरच्या मजल्यावर. जो आधी पोहोचेल तो खुर्ची बळकावेल, या धास्तीने दोघे भाऊ एकाच लिफ्टमध्ये घुसले. मागोमाग दोघांचे वकील, वकिलांचे मदतनीस, फंडवाल्या बाई आणि कंपनीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात, फोनवर, तुम्ही. गणसंख्या कमी पडू नये म्हणून त्यांनी तुम्हाला खालीच जोडून घेतलं होतं. तुमचा कॅमेरा बंद होता. त्यांचा चालू होता, म्हणजे तुम्हाला खिशाचं अस्तर दिसत असणार. तुम्ही हरकत घेतली नाहीत.

घंटा वाजली आणि दार मिटेना. उतरायला कोणी तयार नव्हतं. आपला माणूस खाली राहिला की वर त्यांचं फावणार, हा हिशोब दोन्हीकडे पक्का. बाई म्हणाल्या, "ज्याचं पोट मोठं त्याने उतरावं," तेव्हा दोन्ही वकिलांनी पोट आत घेतलं. मग मला बोलावलं. थोरले म्हणाले, "अगं, ती घंटा बंद कर, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, ती नुसती घंटा नाही, तो भार मोजणारा सेन्सर आहे, तो बंद करणार नाही, तिघांनी उतरावं. त्यावर धाकटे म्हणाले, "दादा सांगतोय ना? मग कर." वडील गेल्यानंतर दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच विषय. सेक्रेटरींनी तो लगेच टिपून घेतला. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि खिशासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. शेवटी देखभालप्रमुख पुढे झाले आणि किल्ली फिरवून त्यांनी सेन्सर बंद केला. (त्यांना दोन्ही भावांनी बढती कबूल केली आहे. एकाच खुर्चीवर.)

पुढे मोटरला भार झेपला नाही आणि ब्रेक लागला. म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं. या कंपनीत वरच्या माणसांना अडवण्याची सोय फक्त लिफ्टमध्ये आहे. बाकी ठिकाणी त्या कामासाठी स्वतंत्र संचालक नेमलेले आहेत. त्यातले एक तुम्ही. तुम्ही थोरल्यांचे बॅडमिंटनचे जोडीदार आणि धाकट्यांच्या लग्नातले मध्यस्थ, त्यामुळे तुमच्या स्वातंत्र्याबद्दल दोघांनाही शंका नाही.

अडकलेली लिफ्ट हाताने खाली आणायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात इंटरकॉमवरून मला आतलं सगळं ऐकू येत होतं. धाकट्यांच्या वकिलांना आठवलं की नोटिशीत बैठकीची जागा 'मुख्य कार्यालय' एवढीच आहे, मजला लिहिलेला नाही. वेळ तर झालीच होती. तेव्हा बैठक सुरू. थोरल्यांना काढून धाकट्यांना अध्यक्ष करावं, असा ठराव आला. धाकटे बाजूने, थोरले विरुद्ध. बाई म्हणाल्या, "मी तटस्थ आहे. कोणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत आहे, ते आधी काढा." खिशातून तुमचा आवाज आला, "संमती." ठराव मंजूर. लगेच थोरल्यांनी उलटा ठराव मांडला: थोरलेच अध्यक्ष, आणि धाकट्यांनी मंडळ सोडावं. थोरले बाजूने, धाकटे विरुद्ध, बाई अजून कोपराशी. खिशातून, "संमती." तोही मंजूर. मग कोणीतरी विचारलं, "इथला पंखा बंद आहे का हो?" खिसा म्हणाला, "संमती."

तेव्हापासून दोघेही अध्यक्ष म्हणून सह्या करतात आणि दोघांच्या गाड्या एकाच जागेवर आडव्या लावलेल्या असतात. एका बाबतीत मात्र दोघे पुन्हा एक झाले. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षाने स्वतःच सेन्सर बंद करायला सांगितला, हे बाहेर गेलं तर शेअर गडगडेल. बाईंनाही ते परवडणार नाही. म्हणून दोष तांत्रिक विभागाचा, म्हणजे माझा. चौकशीसाठी दोन्ही बाजूंना चालणारा एकच माणूस सापडला, तो म्हणजे तुम्ही. तुमचा अहवाल लिहून तयार आहे. मी तो वाचला, कारण टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तांत्रिक शब्द तपासायला तो माझ्याकडेच पाठवला. भाषा बरी आहे. त्यात किल्ली मी फिरवली आहे. येत्या गुरुवारी तो तुमच्याकडे सहीला येईल. सही झाली की माझी नोकरी जाईल, आणि सेन्सर बंद करणाऱ्या इंजिनिअरला या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

मला तुमच्याकडून काही नको. कानावर घालावं, एवढ्यासाठी लिहिलं. मामीला गुडघा सांभाळायला सांगा.

तुमची भाची

ता. क. आईला यातलं काही बोलू नका. ती थोरल्यांना फोन करेल आणि ते तिच्याशी फार गोड बोलतील. तेच मला नको आहे.

आणखी एक ता. क. 'काही नको' हे वरचं वाक्य बरोबर नाही. चौकशी तुम्ही करू नका. मी तुमची भाची आहे, हे मंडळाला लेखी कळवा आणि बाजूला व्हा. (हे आधीच कळवायला हवं होतं. तुम्ही संचालक झालात त्या दिवशी मी सांगितलं होतं. तुम्ही "बरं" म्हणाला होतात.) चौकशी करणारा मामा मला नको आहे, साक्षीदार मामा हवा आहे.

शेवटचा ता. क. लिफ्टमध्ये बैठक चालली तेव्हा तुम्ही जागे असाल, तर मी दोनदा नाही म्हटलेलं तुम्ही ऐकलं आहे. तसं लिहून द्या. झोपला असाल, तर त्या दोन्ही संमती तुमच्या नाहीत. दोन्ही ठराव पडतात आणि त्यांच्या जोरावर नेमलेली चौकशीही. मला यातलं कुठलंही उत्तर चालेल. तुम्हाला दोन्ही अवघड जातील, हे मला समजतं. 'संमती' हे उत्तर धरलं जाणार नाही. जागे होता की झोपला होता, एवढंच बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.