आत्याबाई आणि मठ

११ जून १९७८, रविवार

मठाच्या मदर नाही म्हणाल्या.

रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर दवाखान्याच्या ओसरीवर बोलावलं. मुद्दाम औरंगाबादहून आल्या होत्या. "धुरपताबाई, तुमच्यावर अवलंबून असलेलं म्हातारं माणूस घरी आहे. त्याला सोडून येणारी बाई आम्हाला मठात घेता येत नाही." मी म्हटलं, सासू आहे, आई नाही. त्या म्हणाल्या, "सासू असली तरी माणूसच ना."

माझ्या नवऱ्याला, चंद्रभानला, जाऊन सहा वर्षं झाली. चुडाव्याकडं पुलाच्या कामावर गेला, तिथंच ताप डोक्यात गेला. लेकरू नाही. सिस्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करता करता बाळंतपणं करायला शिकले. त्यांच्यासोबत गुडघे टेकायला शिकले. एकच मागितलं देवाजवळ — मठात जागा.

मागाहून फादर म्हणाले, दुसरी वाट आहे. संत फ्रान्सिसच्या संघाची एक शाखा घरदार असणाऱ्यांसाठी असते. घरीच राहायचं, आपलं काम करायचं, सकाळ-संध्याकाळ संघाची प्रार्थना म्हणायची. वर्षभर स्वतःची पारख करायची आणि मग देवासमोर वचन द्यायचं. "ही वाट काही कमी प्रतीची नाही," म्हणाले.

तोंडावर बोलले नाही, इथं लिहिते. गावानं वेशीबाहेर ठेवलं होतंच. आता देवानंपण ओसरीवरच बसवलं!

१९ जून

प्रार्थना सुरू केली. फादरांनी पुस्तक दिलं. पहिलं स्तोत्र अर्ध्यात असताना आत्याबाईंची हाक — सासूला मी आत्याबाई म्हणते. पाणी पाहिजे. दिलं. परत बसले. परत हाक — चूल पेटली का. आता धड दिसत नाही, म्हणून सारखं विचारतात.

"काय पुटपुटायलीस ग?"

"प्रार्थना करायले."

"कर की. मी काय तुला धरून ठिवलंय का?"

धरूनच तर ठेवलंय.

२ जुलै

कोरडं. शब्द तोंडात येतात, खाली उतरत नाहीत.

९ जुलै

आत्याबाईंनी बाप्तिस्मा घेतला नाही, घेणार नाहीत. कोनाड्यात त्यांचे बाबासाहेब, शेजारी माझी मरियामाता. चाचपत जाऊन दोघांना हात जोडतात. "तुजी माय बी गरिबाघरचीच हाय म्हन की." आज हसू आलं.

ते दुपारपर्यंतही टिकलं नाही. न्हाऊ घालताना म्हणाल्या, "हळू घास की. माणूस हाय मी." माझा हात जड पडत होता, मला कळत होतं.

१६ जुलै, रविवार

पापनिवेदन केलं. सगळं सांगता आलं नाही.

परवा आत्याबाईंना ताप भरला. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते आणि आतून प्रार्थना चालू होती. बरं कर, अशी नाही. ने हिला, अशी. एवढ्या मनापासून कधी प्रार्थना झाली नव्हती.

ताप उतरला तेव्हा चुलीपुढं बसून रडले. त्यांना वाटलं, आनंदानं. सरकत सरकत आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी कसली वचनं देणार. मी कुठल्याच शाखेत बसत नाही.

२८ जुलै

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव काल मुंबईत झाला. वस्तीत गूळ वाटला. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

कमलबाई गावातली, दवाखान्यात पाणी भरते. हळूच जवळ आली. "धुरपताबाई, थोडे दिवस वस्तीत राहू नका. गावातली पोरं लय बिथरलीत."

आत्याबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "माज्या घरातून मी का म्हनून पळू?"

४ ऑगस्ट

जाळलं.

६ ऑगस्ट

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी आले. ओळखीची तोंडं. आम्हा किरिस्तावांच्या दारांवर क्रूस आहेत, आम्हाला सोडतील असं वाटलं होतं. त्यातला एकजण हसला. "देव बदलला, जात कुठं बदलली?" आणि माझ्याच छपराला आग लावली.

मी दारात होते. आत्याबाई आत. इथं तरी खरं लिहिते — पाय हलले नाहीत. एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात मनात येऊन गेलं, आता मला काहीच करायला नको. नुसतं उभं राहायचं.

मग आतून हाक आली. "धुरपता, तू भाईर हायस का ग?" वाचव म्हणाल्या नाहीत. मी बाहेर आहे का, एवढंच विचारलं.

आत कशी गेले माहीत नाही. पाठकुळी घेतलं. नाल्यानाल्यानं दवाखाना गाठला. माझा दंड भाजला. वाटभर कानाशी एकच, "ठिव मला, माय. ठिव कुठंबी."

९ ऑगस्ट

सगळी वस्ती दवाखान्याच्या ओसरीवर. पोलीस येऊन बसलेत. फादर म्हणाले, रोममध्ये पोप वारले. कोणी मान वर केली नाही.

प्रार्थनेचं पुस्तक जळालं; ही वही दवाखान्यात होती म्हणून वाचली. पाठ असलेलं म्हणायला गेले तर क्षमेपाशी जीभ अडली. फादरांना म्हटलं, तुमचं वचन मला द्यायचं नाही. मला इथल्या माणसांत राहायचंच नाही. ते शेजारी बसून राहिले.

१७ ऑगस्ट

मदर आल्या. ज्वारी आणि घोंगड्या आणल्या. माझ्या दंडाची पट्टी स्वतः बदलली. मी त्यांचे पाय धरले. न्या मला इथून. कसंही न्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाईंना सांभाळणारं कोणी मिळू दे. त्याच आठवड्यात तुम्हाला घेऊन जाईन."

आत्याबाई खांबाला टेकून होत्या. मला वाटलं झोपल्यात.

२१ ऑगस्ट

आज बाळंतपण होतं. उरकून बाहेर आले तर खांबापाशी घोंगडी घडी करून ठेवलेली. आत्याबाई नाहीत.

कमलबाई म्हणाली, म्हातारीनंच तिला हात धरून एसटीपर्यंत न्यायला लावलं. मानवतला गेल्या, लेकीकडं. निरोप ठेवला, "धुरपताला म्हनावं, सुमननं बलावलंय मला. आता तू मोकळी हायस. जा तुज्या सिस्टरांकडं."

सुमनबाईनं बोलावलेलं नाही. मागं लुगडं घेऊन गेल्या होत्या तेव्हा तिनं दारातूनच परत लावून दिलं होतं.

मी मोकळी आहे. ह्या शब्दासाठी किती तडफडले. आला, तर त्या घोंगडीची घडी मोडवेना.

२३ ऑगस्ट

मदरची जीप उद्या येणार. बांधायला सामान नाही.

फादरांना विचारलं, जाऊ का? ते म्हणाले, "कालपर्यंत तुम्हाला दुसऱ्यांनी अडवलं होतं. आता कोणी अडवत नाही. आता सांगा, कुठं राहायचंय?"

मला रागच आला त्यांचा.

२४ ऑगस्ट

जीपमध्ये बसताना मदरना म्हटलं, मठात नको, मानवतला सोडा. त्यांनी वाट वाकडी करून नेलं. आत्याबाई लेकीच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. "कोन हाय?" "मी. उठा, आपल्या गावची एसटी गाठायचीय." हात चाचपून माझा दंड धरला, नेमका भाजलेला. मी सोडवून घेतला नाही.

परतल्यावर फादरांना सांगितलं, माझं पारखायचं वर्ष आजपासून धरा.