वेढा उठेपर्यंत

४ मार्च, सकाळी
मुलीला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. एकवीस तारखेला. मोठं ऑफिस, चांगली नोकरी. कोट घालून जाणार म्हणाली, आणि तोही बाबांनी शिवलेलाच. ऊर भरून आला. एवढी वर्षं शिंपीकाम करतोय, कोट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. कापड तिनेच आणलंय, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून. गडद निळं, लोकरीचं. ताग्यातला शेवटचा तुकडा होता म्हणे. उद्या कटिंग. आठवड्याच्या आत कोट तयार.

५ मार्च
कटिंग झालं नाही. एवढ्या नाजूक कामाआधी डोकं शांत हवं, म्हणून वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक कादंबरी उघडली. एकच प्रकरण वाचणार होतो. प्रकरणाच्या शेवटी किल्ल्याला वेढा पडला. आता आतल्या माणसांना तसंच सोडून उठायचं म्हणजे माणुसकी आहे का?

७ मार्च
काय लिहिलंय, वा! मशीनवर बसलो तरी कानात टापाच. दुकानात चक्क दारूगोळ्याचा वास येतो. म्हातारा किल्लेदार, कोठारात धान्य नाही, तरी रोज संध्याकाळी तटावर नगारा वाजवायला लावतो. शत्रूला वाटावं, आत सगळं आलबेल आहे. मी दोनदा रडलो. मधे कुणी पॅंट न्यायला आलं होतं. बायको म्हणते, मी त्याला विचारलं, रसद आणलीत का. मला आठवत नाही. विचारलं असेल तर आदरानेच विचारलं असणार.

कोट उद्या. नक्की.

९ मार्च
कडक शिस्त. पुस्तक बटणांच्या खणात ठेवून कुलूप लावलं, किल्ली बायकोकडे दिली. वेढा उठल्याशिवाय कोट नाही असं आधी ठरवलं होतं, ते बदललं. आता कोट झाल्याशिवाय वेढा नाही.

९ मार्च, दुपारी
किल्ली परत मागितली. बटणं लागणारच ना. कोटाला बटणं सगळ्यात शेवटी लागतात, असं बायकोने ऐकवलं. हल्ली फार खोचक बोलते. पण किल्ली दिली.

१२ मार्च
मुलीने विचारलं, बाबा, कोट कुठवर आला. मी म्हटलं, कापड मुरायला ठेवलंय, चांगलं कापड मुरू द्यावं लागतं. खोटं कसं म्हणता येईल? कपाटात मुरतंच आहे. तर म्हणाली, काही घाई नाही, तुम्ही हातात घेतलंय म्हणजे मला काळजी नाही.

लाज वाटली. ती लाज जाईना म्हणून वाचत बसलो. पाण्याचं टाकं आटलंय.

१५ मार्च
बायको म्हणाली, समोरच्या फटाफट टेलर्सकडे टाका कापड. फटाफट! दिवसाला दहा शर्ट काढणारा माणूस. खांदा कशाशी खातात हे तरी ठाऊक आहे का त्याला? डोकंच फिरलं. लगेच कापड पसरलं, खडू घेतला, कात्री घेतली. पुस्तक इस्त्रीला टेकवून उघडं ठेवलं, नुसतं नजरेसमोर असावं म्हणून. शत्रूचा सुरुंग तटाखाली पोचला होता. मी कापत गेलो. हात आपोआप चालतो माझा, बघावं लागत नाही. अनुभव म्हणतात तो हाच.

१७ मार्च
ट्रायल. मुलगी आरशासमोर उभी राहिली. डावा हात झकास. उजव्या हाताची बाही कोपरापाशी मागच्या बाजूला वळत होती. मी म्हटलं, जरा मोकळी उभी राहा. मग म्हटलं, हात थोडा मागे धर, हल्ली असाच कट असतो. बायको म्हणाली, अहो, माणसाचा हात तिकडे वळत नाही.

दोन्ही बाह्या डाव्या. एक बाही कापली की दुसरीसाठी पॅटर्न उलटा करायचा असतो. शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. मी तसाच ठेवला आणि तसाच कापला. सुरुंग नेमका तेव्हाच उडाला होता.

मुलीने कोट उतरवला, नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च
बाजार पालथा घातला. तसं कापड कुठेच नाही. एकाने जवळपास तसंच दाखवलं. उन्हात धरलं तर जांभळं. उरलेल्या तुकड्यात बाही बसते का, सगळीकडून लावून पाहिलं. मनगटापर्यंत पोचतच नाही. जोड देऊ का विचारलं. नको म्हणाली, बाबा, राहू दे.

दुपारी दोघी मायलेकी रस्ता ओलांडून फटाफटकडे गेल्या. मी काचेआडून बघत होतो. त्याने तयार कोट काढला, तिच्या अंगावर चढवला, तोंडात टाचण्या धरून कंबर आवळली. वळवून वळवून बघत होता. समोर पुस्तकबिस्तक काही नव्हतं. मला इतकं कानकोंडं झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

२१ मार्च, संध्याकाळी
मुलगी आली. चेहऱ्यावरूनच कळलं, छान झालाय इंटरव्ह्यू. नोकरी जवळजवळ पक्की. कोट अजून अंगात होता. खांद्यात खोट काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही.

बायकोने विचारलं, काय काय विचारलं गं. ती भराभर सांगत सुटली. शिक्षण विचारलं, आवडीनिवडी विचारल्या, वडील काय करतात ते विचारलं. तिने सांगितलं, घरीच असतात, वाचतात.

मला जरा बरं वाटलं. त्या एवढ्या मोठ्या ऑफिसात आपली ओळख झाली, वाचणारा माणूस. म्हटलं, छान सांगितलंस.

ती कोटाची बटणं काढत होती. वर न बघता म्हणाली, शिंपी आहेत असं सांगितलं असतं ना बाबा, तर त्यांनी कोटाकडे बघून विचारलं असतं, हा वडिलांनीच शिवला का.