कण्हेरीचा अर्क

वेल्हे, कार्तिक वद्य पंचमी

प्रिय कुंडलिक,

भात झोडून झालं, नाचणी अजून उभी आहे. आनंदरावकाका येऊन गुरांचं बघून जातात, तेव्हा घरची काळजी करू नकोस. आईच्या दहाव्याला तू आलास, ओढ्यावर पिंड दिलेस आणि लगेच नसरापूरची मोटार गाठलीस. तू काही विचारलं नाहीस. काकांनीही मला बजावलं होतं, की पोराला दुखण्यानं गेली एवढंच सांगायचं.

उन्हाळ्यात तू ओढ्याकाठच्या कण्हेरीची मुळं खणून मुंबईला तुझ्या प्रयोगशाळेत नेलीस, तेव्हा आळीतल्या बायका कुजबुजल्या होत्या. आपल्याकडे कण्हेर जीव द्यायलाच उगाळतात, ते सगळ्यांनाच ठाऊक. तू मात्र आईच्या पायाशी बसून सांगितलंस, की बेडकाच्या हृदयावर त्या मुळाचा अर्क सोडला की दमलेल्या पेशी पुन्हा जोरानं आवळतात, ठोका संथ नि भरदार पडतो; अर्क जास्त झाला तर आवळलेलं हृदय पुन्हा उघडतच नाही. आई हसली होती. "बेडकाचं काळीज आन माझं येकच का रं?" तू म्हणालास, "जवळजवळ."

पावसाळ्यात तुझी अर्काची बाटली आली तेव्हा आईला आडवं होता येत नव्हतं, पायांत बोट रुतायचं. थेंब सुरू केले आणि सूज उतरली रे. ती झोपायला लागली, चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली. ते सुख मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग तू दिवाळीला येणार असं कळलं. अंगण आपणच सारवायचं, असं तिनं मनात धरलं. मी खळ्यावर गेले की ती आपल्या हातानं जास्तीचे थेंब घ्यायची. थोड्यानं एवढा गुण येतो तर जास्तीनं किती येईल, असं तिला वाटलं. आधी अन्नावरची वासना गेली, मग उलट्या. एका सकाळी म्हणाली, "सगुणे, भिताडं पिवळी कुणी केली?" भिंती होत्या तशाच होत्या. मी नाडी धरली. दोन ठोके पडत, मग काहीच नाही, मग घाईघाईनं चार-पाच. बाटली काढून घेतली, पण उशीर झाला होता. दुपारी मला शेण कालवून ठेव म्हणाली, आणि माझ्या बोटांखालची नाडी गेली ती परत आलीच नाही.

गावात आता बोलतात, की पोरानं आईला कण्हेर पाजली. मी कुणाशी भांडत नाही.

हे लिहिते ते तुला दोष द्यायला नाही. शेजारच्या साळूबाईचे पाय सुजलेत, तिला रात्र बसून काढावी लागते. आईची उतरलेली सूज तिनं पाहिली, मरणही पाहिलं. तरी काल दारात येऊन म्हणाली, "तशीबी मरतीच हाय, बाय. चार महिनं आडवं निजू दे मला." बाटली अर्धी उरली आहे. गुण देणारा थेंब कुठे संपतो आणि मारणारा कुठे सुरू होतो, ते मला लिही. तुम्हाला तिथे अजून कळलं नसेल, तर कळलेलं नाही असंच लिही. मी तिला उद्या, उद्या म्हणून थांबवून ठेवलं आहे.

तुझीच,
सगुणाआक्का