टाकीला फिनेल पाजलंस?

विसरभोळ्या सर्जेरावाला माधवनगरहून आईचा आशीर्वाद. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहत न्हाई, म्हणून तुझ्या भाचीला लिहायला बसवलंय. माझा ऑपरेशनचा डोळा बरा हाय.

कोंबड्यांची शेड फिनेलनं धुतलीस अन् ती घाण गोबरगॅसच्या टाकीत लोटलीस? स्वच्छतेचा लय पुळका! खत कुजवणारे जीव मेले, गॅस बंद पडला. क्रांतीला दमा, अन् ती पुन्हा चुलीपुढं. बायकोचा खोकला मला इथं फोनवर ऐकू येतो, तुला घरात येत न्हाई व्हय रं?

टाकी उपस, शेणकाला घाल, मग कोंबडखत अन् उसाचं बारीक पाचट बेतानं दे. तोवर चूल तू फुंक.

पोरं शाळेला जातात न्हवं?

शनिवारच्या एसटीनं तुझ्या हातच्या भाकरी पाठव. वाकड्या, करपलेल्या चालतील. एक जरी गोल निघाली, तर क्रांतीला थापायला लावलीस हे समजंल मला.