शौर्याच्या बारशाला निघताना

५ जानेवारी, रविवार. सकाळ.
मुलगी झाली! वनमाला माहेरी, परळीजवळ धर्मापुरीला आहे. दोघी ठणठणीत. सोळा तारखेला बारसं. सुभेदार साहेबांना लगेच सांगितलं. म्हणाले, रजा मिळेल. म्हणजे मिळालीच.
नाव मी ठरवलंय. शौर्या. फौजीची मुलगी आहे. सायलीला फोनवर कळवलं. म्हणाली, दादा, नाव ठेवायचा मान आत्याचा. तू तिकडं परेड कर. लहान बहीण आहे, समजावून सांगेन.
मला घराची आठवण वगैरे येत नाही. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.

६ जानेवारी
मूल कसं धरायचं याची प्रॅक्टिस सुरू. रेशन स्टोअरमध्ये सोय चांगली आहे. पिठाची छोटी थैली घेऊन दोन फेऱ्या मारल्या. म्हाळू (लिंबागणेशचा, माझ्याच स्टोअरला) म्हणाला, डोकं खाली लोंबायलंय बे पोरीचं. थैलीला डोकं नसतं, हे त्याला सांगितलं. म्हणाला, धरणाऱ्याला तरी कुठं हाय.

७ जानेवारी
ज्वारीचं पीठ आलं. आता जवानांना भरड धान्य द्यायचंय. पोतं उघडलं आणि वास आला. जरा वेळ तिथेच उभा राहिलो. क्वालिटी तपासत होतो.
एवढ्यात सुभेदार साहेब आले. विचारलं, हे करता कुणाला येतं? मी म्हणालो, सर, बीडचा माणूस डोळे मिटून भाकरी थापतो. साहेब खूष. रजेच्या अर्जाआधी इंप्रेशन पडलं पाहिजे. पडलं.

८ जानेवारी
भाकरी थापली. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन भाग झाले. हरियाणाचा कुक म्हणाला, यही खाके बड़े हुए हो? दोष इथल्या पाण्याचा आहे.
खरं तर मी भाकरी कधी केलेली नाही. पण लहानपणापासून जवळून पाहिली आहे. अनुभव म्हणतात तो हाच.

९ जानेवारी
वनमालाला व्हिडिओ कॉल लावला. सहज. विषय निघाला म्हणून पीठ दाखवलं. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, पाणी गरम घ्या. अवो, पीठ मळा, कुस्ती नका खेळू त्याच्याशी. वरून पाण्याचा हात फिरवा. लई न्हाई, लई न्हाई म्हणते ना!
मागे शौर्या रडत होती. आवाज खणखणीत. माझ्यावर गेलीय. वनमाला म्हणाली, आईवर गेलीय तुमच्या.

११ जानेवारी
सुभेदार साहेबांनी बोलावलं. सोळा तारखेला ब्रिगेडियर साहेब ज्वारीचं जेवण बघायला येणार आहेत. भाकरीवाला तू एकटाच. रजा त्यानंतर.
मी म्हणालो, यस सर. आवाजात कुठेही फरक पडला नाही.
वनमालाला फोनवर कळवलं. म्हणाली, बारशाला बाप न्हाई आन् भाकरीला हाय.

१२ जानेवारी
प्लॅन तयार. उद्या रंगीत तालीम आहे. भाकरी मुद्दाम बिघडवायची. साहेब वैतागणार, मला काढून टाकणार, रात्रीच्या गाडीने मी परळीकडे. म्हाळूला सांगितलं. म्हणाला, मुद्दाम कावून? तुला तशीबी कुठं येतीय.
बॅग भरून ठेवली.

१३ जानेवारी
पीठ नीट मळलं नाही. पाणी अंदाजे ओतलं. थापताना खाली बघितलंसुद्धा नाही. मनात गाडीचं टाइमटेबल चालू होतं.
भाकरी फुगली. टम्म. आयुष्यातली पहिली. दुसरीही फुगली.
सुभेदार साहेबांनी टाळ्या वाजवल्या. म्हाळू तोंड धरून स्टोअरमध्ये पळाला.
बॅग उघडली नाही. कपडे काढायचे म्हणजे पुन्हा भरायचे आलेच.

१६ जानेवारी
बारसं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. अर्धा पाळणा आणि आईचं कोपर दिसत होतं. सायलीला पुन्हा बजावलं, शौर्या. हो दादा, म्हणाली. ती पाळण्यात वाकली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि नेमके तेव्हाच ब्रिगेडियर साहेब आले.
सावधान. हातात ओली भाकरी.
फोनमधून कुर्र्र आणि सायलीच्या पाठीत धपाटे. आई गं, मारता का काय, असं ती ओरडली. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार? सर, मुलीचं बारसं. नाव? छाती पुढे काढून सांगितलं, शौर्या, सर! साहेब स्वतः फोनपाशी वाकले आणि म्हणाले, हॅपी नेमिंग डे, शौर्या.
फोनमधून सायली म्हणाली, शौर्या न्हाई साहेब, ओवी.
साहेबांनी दोन भाकरी खाल्ल्या.

१७ जानेवारी
ओवी छान नाव आहे. छोटं आहे, हाक मारायला सोपं. विचार करता लक्षात आलं, मुळात मीच सुचवलं असणार. म्हाळूला तसं सांगितलं. त्याने चहा पाजला.
संध्याकाळी ऑर्डर आली. साहेबांना भाकरी फार आवडली. आसपासच्या सगळ्या युनिटच्या कुकना मी शिकवायचं. रजा ट्रेनिंग संपल्यावर. मोठा बहुमान आहे. फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

१९ जानेवारी, रविवार
सुट्टी. दिवसभर आराम. दुपारी वनमालाचा फोन. तिने कॅमेरा ओवीकडे वळवला. ओवीने जांभई दिली, तोंडभर, आणि मूठ तोंडाशी नेली. मी हाक मारली. तिने मान वळवली, पण दुसरीकडे. तिकडे सासरे खोकले होते.
वनमाला म्हणाली, कावून रडायलाव?
म्हणालो, रडत नाही, डोळ्यात पीठ गेलं.
म्हणाली, आज तर सुट्टी हाय ना तुमाला.
टॉवर गेला, आवाज येत नाही, असं म्हणून फोन ठेवला.
टॉवर फुल होता.