नदीला विचारून आलो

रेपल्ले, जि. गुंटूर
१० मे १९३१

प्रिय मष्णू,

पत्र बघून दचकला असशील. नऊ वर्षांत मी तुला खुशालीचं कार्डसुद्धा टाकलं नाही, आणि आता हे लांबलचक पत्र, वर पार्सल. पार्सल लगेच फोडू नकोस. आधी हे वाच, उतावळ्या.

निपाणीच्या वखारीने मला तंबाखू बघायला इकडे धाडलंय. पण माझी खोड तुला ठाऊक आहे, परक्याच्या रानातसुद्धा ढेकूळ फोडून बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. इथे कोसभर चाललो, पायाला एक खडा लागला नाही! नवी विहीर खणत होते तिच्यात डोकावलो, तर पुरुषभर खोल नुसती काळी, मऊ माती. एवढी माती आली कुठून, म्हणून कालव्यावरच्या एका म्हाताऱ्या कारकुनाला विचारलं. तो हसून हिंदीत म्हणाला, तुमच्याकडूनच की.

खरंच आहे रे. आपली वेदगंगा दूधगंगेला मिळते, ती कृष्णेला, आणि कृष्णा इथून जवळच समुद्राला. धावतं पाणी माती वाहून आणतं. समोर समुद्र आडवा आला की पाण्याचा जोर सरतो आणि ओझं खाली ठेवावं लागतं. आधी जड वाळू, मग बारीक गाळ. पुढे त्या ढिगाऱ्यानेच वाट अडते, म्हणून नदीला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि जमीन समुद्रात सरकत जाते. दर पुराला गाळाचा नवा थर. त्यात आपल्याकडचा कुजलेला पाला, शेण, सगळं आलं. मग पीक माजेल नाही तर काय! मला पटेना, म्हणून काचेच्या बरणीत गढूळ पाणी ढवळून निम्मा दिवस तिच्यासमोर बसलो. वखारीतून बरोबर आलेल्या सोबत्याने मला वेड्यात काढलं. पण म्हातारा बोलला तस्संच झालं, खाली वाळू, वर गाळ.

मग त्याने मला नावेतून नदीचं एक वळण दाखवलं. बाहेरच्या काठाला पाणी धडका देऊन त्याला कातरत होतं, आतल्या काठाशी रेंगाळून गाळ टाकत होतं. बघता बघता मला आपल्या शेताचं वळण आठवलं. तिथे बाहेरचं रान माझं, आतली गाळाची मळी तुझी. वाटणीत थोरला म्हणून आधी मीच निवडलं होतं ते. पुरात माझं रान गेलं, तुझी मळी वाढली, आणि तू काठाला लावलेल्या निरगुडीनेच पाणी माझ्यावर ढकललं म्हणून मी ती चारचौघांत उपटली. "माझं रान चोरलंस रं तू!" असं ओरडलो. तू एवढंच म्हणालास, "अण्णा, म्या काय केलं न्हाय. नदीला इचार जा."

मष्णू, विचारून आलो. तू खरा होतास. मला फार लाज वाटते.

पुढच्या महिन्यात बेंदूर. लहानपणी मातीच्या बैलाचं धड मी करायचो, शिंगं तू, कारण माझ्या हातून ती मोडायची. वेगळे झाल्यापासून आईने दोन घरी बैलपूजेचे दोन पाट मांडलेले बघितले, तिला आता आणखी दुःख नको. पार्सलात इथल्या मातीचा बैल आहे. शिंगांच्या जागी दोन भोकं ठेवलीत. मनात असेल तर आपल्या मळीची माती घेऊन शिंगं लाव आणि तुझ्या पाटावर मांड. लावलीस तर दोन ओळी टाक, मी बेंदराला घरी येतो.

तुझाच,
परशराम अण्णा